मार्काचें शुभवर्तमान आणि त्याचा शेवट

ख्रिस्ती धर्मग्रंथांतील चार शुभवर्तमानांपैकीं मार्काचें शुभवर्तमान सर्वांत लहान, अवघ्या सोळा अध्यायांचें आहे. बहुतेक संशोधकांच्या मतें तेंच सर्वांत जुनेंहि होय. मत्तय व लूक यांच्या ग्रंथांशीं त्याचें शब्दशः साम्य इतकें आहे कीं, त्या दोघांनीं तें समोर ठेवूनच लेखन केलें असावें. मूळ ग्रंथांत कर्त्याचें नांव नाहीं. पेत्र या शिष्याच्या आठवणी त्याचा दुभाषी मार्क यानें लिहून ठेविल्या, अशी परंपरा पापियस नांवाच्या दुसऱ्या शतकांतील धर्माध्यक्षानें नमूद केली आहे.

ग्रंथाची भाषा ग्रीक आहे. येशूच्या तोंडचे कांहीं अरामी शब्द तसेच ठेवून त्यांचा अर्थ दिला आहे. जेवणापूर्वीं हात धुण्यासारखे यहुदी आचारहि समजावून सांगितले आहेत. म्हणजे वाचकवर्ग बराचसा यहुदेतर असला पाहिजे. काळ इ. स. ७० च्या सुमाराचा. त्याच वर्षीं टायटस या रोमन सेनापतीनें यरुशलेम जिंकलें व तेथील मंदिर भस्मसात् झालें. या मंदिराच्या नाशाचें भाकीत तेराव्या अध्यायांत आहे.

अशा संकटकाळांतला हा ग्रंथ विजयोत्सवाचा नव्हे. येथील येशू रोगी बरे करतो आणि तें कोणास न सांगण्याची ताकीद देतो. या गूढाची चर्चा विल्यम व्रेडे या जर्मन पंडितानें १९०१ सालीं विस्तारानें केली. येशू तीन वेळां आपल्या मरणाची पूर्वसूचना देतो. पण शिष्यांस तिचा अर्थ उमगत नाहीं. उलट, आपणांत थोर कोण, असा वाद ते घालतात. थोरपण सेवेंत आहे, हें उत्तर त्यांच्या पचनीं पडत नाहीं. अटकेच्या रात्रीं सारे पळतात. पेत्र तीनदां ओळख नाकारतो. वधस्तंभाकडे दुरून कां होईना पाहत राहतात त्या स्त्रियाच.

शब्बाथानंतरच्या पहाटे त्यांतील तिघी सुगंधी द्रव्यें घेऊन थडग्याशीं जातात. धोंड बाजूला सरलेली असते. आंतील शुभ्रवस्त्रधारी तरुण सांगतो कीं, येशू उठला आहे, शिष्यांस कळवा. त्या थरथरत पळतात आणि भीतीनें कोणाला कांहीं सांगत नाहींत. चौथ्या शतकांतील सिनाई व व्हॅटिकन या दोन प्रसिद्ध हस्तलिखितांत शुभवर्तमान येथेंच संपतें. येशूच्या पुढील दर्शनांची बारा वचनें प्राचीन खरीं. पण तीं मागाहून जोडलीं गेलीं, असें बहुतेक पाठचिकित्सक मानतात.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९६६ सालीं पुरी केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ति ज्यांस परिचित आहे, त्यांना यांत नवल वाटणार नाहीं. गणपतीनें महाभारत लिहून घेतल्याची कथाहि तेथें परिशिष्टांत गेली आहे. भर घालणारा हात कपटीच असतो असें नाहीं; पुष्कळदां श्रद्धेलाच अपुरेपण सोसवत नाहीं.

तरी मार्काच्या त्या अपुऱ्या शेवटांत मोठें सामर्थ्य आहे. छळाच्या दिवसांत ज्यांचें धैर्य खचलें, त्यांना पेत्राची व त्या स्त्रियांची कथा परकी वाटली नसेल. आणि भ्यालेल्यांचें मौन कायम टिकलें नाहीं, याचा पुरावा तर वाचकाच्या हातांतच होता: त्या स्त्रिया शेवटपर्यंत गप्प राहिल्या असत्या, तर हा प्रसंग लिहिणार कोण?