चार टक्क्यांचा ढाळ

अमेरिकेला गरीब देश कोणी म्हणणार नाही, पण तिथल्या सार्वजनिक रस्त्यांपैकी साधारण एक तृतीयांश रस्त्यांवर आजही डांबर नाही. साउथ डकोटा, नेब्रास्का, आयोवा अशा शेतीच्या राज्यांत गाव मागे पडलं की खडीचे रस्ते लागतात. मोजक्या गाड्यांसाठी डांबर परवडत नाही, हा त्यामागचा सरळ हिशेब. मात्र खडीचा रस्ता एकदा करून विसरता येत नाही. वर्षभर त्याच्यामागे कोणीतरी लागतं, आणि ते काम करतो काउंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचा, ग्रेडर: रस्ता समतल करणारं पात्याचं यंत्र.

या यंत्राची गंमत अशी की ते रोजच्या फेरीला सोबत काहीच आणत नाही. चाकांनी कडेला उडवलेली खडी ते पात्याने ओढून पुन्हा मधे आणतं आणि रस्त्याला हरवलेला आकार परत देतं. आकार म्हणजे मधे उंच, दोन्ही बाजूंना उतरता. डांबरी रस्त्याला दोन टक्के ढाळ पुरतो. खडीच्या रस्त्यातून पाणी आत मुरतं, म्हणून तिथे चार टक्के लागतात. चोवीस फुटी रस्ता मध्यावर कडेपेक्षा सहा इंच उंच. ढाळ कमी पडला की डबकं साचतं आणि डबक्याचा खड्डा होतो. जास्त झाला की कडेने जाणारी गाडी कलते, मग प्रत्येक जण मधूनच हाकतो. कडेला मातीची वरंबी राहिली तर ढाळ बरोबर असूनही पाणी चरापर्यंत पोचत नाही. वरंबीच्या आतल्या बाजूने वाहत ते रस्ताच खातं.

कडेची माती ओढून मधे आणण्याची युक्ती एका शेतकऱ्याने लोकप्रिय केली. मिसूरीतल्या मेटलंडजवळ शेती करणाऱ्या डी. वॉर्ड किंग यांनी १८९६च्या सुमारास आपल्या दारापुढच्या चिखलाच्या रस्त्यावरून घोड्यांकरवी लाकडं ओढली. पुढे त्याचं ठरलेलं अवजार झालं: ओंडका उभा चिरायचा, दोन्ही फाळ्या थोड्या अंतरावर समांतर जोडायच्या, वर फळी टाकून हाकणाऱ्याने उभं राहायचं, साखळी अशी अडकवायची की ओंडका तिरका चालेल. आपल्याकडे पेरणीआधी शेतात फिरवतात त्या फळीचीच ही चुलत बहीण. पाऊस थांबून रस्ता ओलसर असताना, पण चिकट नसताना हा ओंडका फिरवला की माती मध्याकडे सरकते आणि वाळताना घट्ट बसते. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९०८मध्ये या अवजारावर शेतकऱ्यांसाठी पुस्तिका काढली. खर्च जवळजवळ शून्य, हे या अवजाराच्या प्रसाराचं मोठं कारण असावं.

लोखंडी पात्याचे, घोड्यांनी ओढायचे ग्रेडर त्याआधीच आले होते. पातं तिरकं धरलं की मातीचा रेटा सबंध यंत्राला बाजूला ढकलतो, इंडियानाच्या जे. डी. ॲडम्स यांनी १८८५मध्ये चाकंच कलती करून तो रेटा पेलला. आजच्या ग्रेडरचीही पुढची चाकं कलतात ती त्याचसाठी. मिनेसोटाच्या रसेल कंपनीने १९१९मध्ये ट्रॅक्टरला पातं जोडून इंजिनाचा ग्रेडर बनवला, १९२८मध्ये कॅटरपिलरने ती कंपनी विकत घेतली आणि १९३१मध्ये मुळातच ग्रेडर म्हणून घडवलेलं, स्वतःच्या इंजिनावर चालणारं यंत्र बाजारात आणलं.

या यंत्राचं खरं मर्म त्याच्या लांबीत आहे. पुढची चाकं एका टोकाला, मागची चार दुसऱ्या टोकाला, आणि पातं मधोमध. पुढचं चाक चार इंच उंचवट्यावर चढलं तरी पातं साधारण दोनच इंच उचललं जातं, म्हणून दर फेरीला रस्ता अधिक सपाट होत जातो. ट्रॅक्टरच्या मागे लावलेल्या पात्याचं उलट होतं. पुढची चाकं चढली की मागचं पातं खाली रुततं, उतरली की वर उठतं. नवशिक्या माणूस रस्ता नीट करायला जातो आणि लाटा करून परततो. त्यावर उपाय म्हणून लांब पट्ट्यांवर घसरत चालणारी, दोन पात्यांची चौकट निघाली आहे; खासगी वाटेसाठी ती पुरते, चर काढायला मात्र नाही.

खडीच्या रस्त्याचा हट्टी आजार म्हणजे आडव्या वळ्या, ज्यांवरून गाडी खडखडत जाते. २००७मध्ये टाबर्ले, मॉरिस आणि मॅकएलवेन या भौतिकशास्त्रज्ञांनी फिरत्या वाळूच्या थरावर चाक ठेवून दाखवलं की ठरावीक वेगापुढे वळ्या आपोआप उमटतात. गाडीला स्प्रिंग असो वा नसो. त्या काढायच्या तर पातं वळीच्या तळापर्यंत जायला हवं. वरवर सैल खडी भरली तर थोड्याच दिवसांत त्या जशाच्या तशा वर येतात. आणि घाईत ग्रेडर पळवला की पातं उडू लागतं, म्हणजे औषधच रोग पसरवतं. म्हणून चाल तासाला पाच ते आठ किलोमीटर, पातं तीस ते पंचेचाळीस अंशांत तिरकं. चौकात, रेल्वे फाटकाशी ढाळ हळूहळू मोडायचा, वळणावर एकाच बाजूला उतरता ठेवायचा. हे चालकाच्या हातात मुरायला काही हंगाम जातात.

पृष्ठभागाच्या खडीत थोडा चिकट मातीचा अंश लागतो, नाहीतर उन्हाळ्यात ती सुटून जाते. आपल्या मुरुमात तो बहुधा मुळातच असतो. त्यामुळे पाणंद रस्त्यांना मुरूम शोभतो. कमी पडतं ते नंतरचं पातं. इंडियन रोड्स काँग्रेसने २००८मध्ये खडीच्या रस्त्यांच्या बांधणी-देखभालीची स्वतंत्र पुस्तिका काढलेली आहे. तरी गावाकडे ग्रेडर दिसतो तो बहुधा मोठ्या रस्त्याच्या बांधकामावर. पाणंदीवर जेसीबीच्या बादलीने मुरूम पसरला की काम झालं असं धरतात. बादलीने सपाटी येते, ढाळ येईलच असं नाही, आणि सपाट मुरूम पहिल्या जोरदार पावसात चिखल होतो.

उलट नॉर्थ डकोटाच्या स्टट्समन काउंटीने दुरुस्ती न परवडणारे काही डांबरी रस्ते उखडून पुन्हा खडीचे केले. तुटक्या डांबराचे खड्डे भरत बसण्यापेक्षा ग्रेडरने राखता येईल असा रस्ता त्यांना सोयीचा वाटला. रहिवाशांनी कुरकूर केली, धुळीची तर फारच. धूळ दाबायला तिकडे मॅग्नेशियम क्लोराइड शिंपडतात, कारण ते हवेतला ओलावा धरून ठेवतं. आणि ते शिंपडण्याआधीही रस्त्याचा आकार पात्याने नीट करूनच घ्यावा लागतो.