रोग एक की दोन?

घशाचा कर्करोग झाल्याचे निदान होताच रुग्णाचे नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात, तो उपचार केव्हा सुरू होणार हा. ही घाई स्वाभाविक आहे. परंतु त्याआधी दुसऱ्या एका प्रश्नाचे उत्तर मिळावयास हवे: रोग एकच आहे की दोन?

तंबाखू आणि मद्य यांचा मारा एकट्या घशावर होत नाही. तोंडापासून अन्ननलिकेपर्यंत आणि धुराबरोबर थेट फुप्फुसापर्यंत सारे अस्तर वर्षानुवर्षे पोळत असते. कर्करोगाच्या गाठीभोवतीचे, वरवर निरोगी दिसणारे तोंडाचे अस्तरही बिघडलेले असते, हे स्लॉटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली दाखवून दिले. शेताची मातीच नासली असता तण एकाच वाफ्यात उगवेल असे कोण म्हणेल? अशा रुग्णांत दुसरा, स्वतंत्र कर्करोग उद्भवण्याचे प्रमाण वर्षाला साधारणतः शेकडा ३ ते ७ सांगितले जाते. पहिल्यापासून सहा महिन्यांच्या आत सापडणारा दुसरा रोग बहुधा आधीपासूनच शरीरात असतो. तो कोणी पाहिलेला नसतो, इतकेच.

न पाहण्याची ही किंमत मोठी आहे. घशावरील किरणोपचार सुमारे सात आठवडे चालतात आणि त्याच जागी पुन्हा पूर्ण मात्रा देणे धोक्याचे असते. दुसरा रोग आधी कळला, तर दोहोंचा मिळून एकच बेत आखता येतो. स्वरयंत्र काढून टाकावे आणि काही महिन्यांनी फुप्फुसात वेगळी गाठ सापडावी, यासारखा दैवदुर्विलास नाही.

वैनगंगेकाठच्या बालाघाटचे उदाहरण घ्या. १८६७ साली भंडारा, शिवनी व मंडला या जिल्ह्यांचे भाग जोडून बनलेला हा जिल्हा मध्य प्रदेशात असला, तरी गोंदिया त्याच्या उंबरठ्यावर आहे. येथील अरण्यात विडीसाठी तेंदूपाने तोडली जातात. मध्य प्रदेशाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. विडी मात्र राहिलीच. रोग बळावला की नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय किंवा मुंबईचे टाटा रुग्णालय गाठावे लागते. मजुराला अशी प्रत्येक फेरी म्हणजे बुडालेला रोज आणि वाढलेले कर्ज. दुसऱ्या रोगासाठी तो पुन्हा येईलच याची शाश्वती कोणी द्यावी? म्हणून पहिल्याच फेरीत सर्व पाहून घेणे अगत्याचे ठरते.

ही तपासणी असाध्य नव्हे. तोंड, घसा व अन्ननलिका दुर्बिणीने पाहणे आणि छातीचा सीटी स्कॅन काढणे, हा तिचा गाभा. अन्ननलिकेत आयोडिनचे द्रावण फवारले असता निरोगी अस्तर तपकिरी होते, रोगट भाग रंग घेत नाही. प्रत्येकाला सर्वच तपासण्या लागतात असे नाही; तंबाखू-मद्याचे व्यसन असलेल्यांना मात्र त्या टाळू नयेत. तसेच, त्यापायी उपचार लांबणीवर पडता कामा नयेत.

सिंधुदुर्गातून बांबोळीस येणाऱ्या रुग्णाची स्थिती बालाघाटच्या रुग्णाहून फारशी निराळी नाही. तपासणीचा भार त्याच्या खिशावर पडू नये हे शासनाने पाहावे, आणि ‘दुसरीकडे कोठे रोग नाही ना?’ हे डॉक्टरांना विचारण्यास नातेवाइकांनी संकोचू नये. विडी-तंबाखू मात्र त्याच दिवशी सुटली पाहिजे. अन्यथा एक आग विझवीत असताना दुसरीला सरपण पुरविल्यासारखे होईल.