जुन्या पेठेतले व्यवसाय : गैरसमज आणि वस्तुस्थिती

दीक्षितपुरा ही जबलपूरच्या जुन्या शहरातली दाट वस्ती. उपरैनगंज, मिलौनीगंज आणि कोतवाली हे तिचे शेजार. खाली दुकान किंवा शिलाईची मशिने, वर घर, ही अशा वस्तीची जुनी रीत. शहर आता चारी दिशांना पसरले आहे आणि रुंद रस्त्यांच्या नव्या वसाहतींत नवी बाजारपेठ उभी राहते आहे. जुन्या पेठेतले धंदे कसे टिकवावेत आणि कसे वाढवावेत, हा प्रश्न निघाला की काही ठरावीक उत्तरे लगेच पुढे येतात. त्यांतली बरीचशी अर्धवट माहितीवर उभी आहेत.

सर्वांत पक्का समज असा, की बाहेरून एखादा मोठा कारखाना आला की बाजार आपोआप फुलतो. जबलपूरला हा समज अनुभवातून मिळाला आहे. ७ मार्च १८७० रोजी मुंबई आणि कलकत्त्याकडचे लोहमार्ग याच शहरात जोडले गेले. १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना आला, दुसऱ्या महायुद्धात खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आणि १९६९ मध्ये लष्करी वाहनांचा. या कारखान्यांच्या पगारावर शहरातली कितीतरी दुकाने चालली, यात शंका नाही. पण असा आधार शहराच्या हातात नसतो. मागणी किती आणि भरती किती, हे दिल्लीत ठरते. १ ऑक्टोबर २०२१ रोजी हे कारखाने चालवणारे आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन सर्व कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले, तो निर्णयही शहराबाहेरचाच होता. खासगी कारखान्यांची कथा वेगळी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झालेल्या परफेक्ट पॉटरीचे नाव जबलपूरबाहेरही माहीत होते. तो कारखाना बंद पडला, गल्लीतली दुकाने मात्र अजून उघडी आहेत.

अशीच वेळ आलेले लिटलटन नावाचे उपनगर अमेरिकेत डेन्व्हरजवळ आहे. संरक्षण सामग्री बनवणारी मार्टिन मॅरिएटा ही तेव्हाची तिथली मोठी कंपनी. १९८० च्या दशकात तिने हजारो माणसे कमी केली. १९८७ पासून लिटलटनच्या नगरपालिकेने बाहेरच्या उद्योगांना सवलतींचे आमिष दाखवणे थांबवले आणि गावात असलेल्या छोट्या व्यवसायांकडे लक्ष वळवले. त्यांना करमाफी किंवा रोख अनुदान दिले नाही. गिऱ्हाईक कुठे आहे, प्रतिस्पर्धी काय करतो, कोणता माल कोणत्या भागात खपेल, ही माहिती नकाशे आणि याद्यांच्या रूपाने पुरवली. मोठ्या कंपनीला ही माहिती विकत घेता येते, छोट्याला परवडत नाही, एवढेच त्यामागचे गणित होते. संरक्षण कारखान्यांवर वाढलेल्या जबलपूरला या गावाकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

स्थानिक दुकानात खर्च झालेला पैसा गावातच फिरतो, हे वाक्यही नेहमी ऐकू येते. ते खरे आहे, पण पूर्ण नाही. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात २००२ मध्ये झालेल्या पाहणीत, स्थानिक पुस्तक-संगीत दुकानांत खर्च झालेल्या १०० डॉलरपैकी सुमारे ४५ डॉलर गावात फिरले, तर मोठ्या साखळी दुकानातले सुमारे १३. हे आकडे एका शहराचे आणि एका धंद्याचे आहेत, ते उचलून जबलपूरला लावता येत नाहीत. सुरतेहून आलेले कापड जसेच्या तसे विकणाऱ्या दुकानातला बराचसा पैसा सुरतेलाच परत जातो. तेच कापड इथे कापून, शिवून, काज-बटण करून सलवार-सूट म्हणून बाहेर गेले, तर कारागीर, इस्त्रीवाला, पॅकिंगवाला आणि हमाल या सर्वांच्या हाती काही पडते. जबलपूरच्या तयार कपड्यांच्या धंद्याचे मोल इथे आहे. गोहलपूरच्या लेमा गार्डनमध्ये त्यासाठी स्वतंत्र संकुल उभारले गेले. पेठेतल्या व्यवसायांचा विचार करताना केवळ काउंटरवरची विक्री मोजणे पुरेसे नाही, त्या काउंटरमागे किती हात काम करतात हेही पाहावे लागते.

गाडी दुकानाच्या दारापर्यंत आली नाही तर गिऱ्हाईक येणार नाही, ही व्यापाऱ्यांची जुनी भीती. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या बाजारात २००६ मध्ये हा समज तपासला गेला. ४१ टक्के गिऱ्हाईक मोटारीने येते, असे दुकानदारांना वाटत होते. प्रत्यक्षात ते २२ टक्के निघाले. शिवाय जवळपास राहणाऱ्या आणि चालत येणाऱ्या गिऱ्हाइकांची संख्या दुकानदारांनी फार कमी धरली होती. पुण्यात डिसेंबर २०२१ मध्ये लक्ष्मी रस्ता एका दिवसासाठी फक्त चालणाऱ्यांना मोकळा केला गेला, तोही याच प्रश्नाची उकल शोधण्यासाठी. दीक्षितपुऱ्यासारख्या अरुंद गल्ल्यांत खरा अडथळा बहुधा मालाच्या गाडीचा असतो. तिच्या चढ-उताराची वेळ सकाळी लवकर किंवा रात्री ठरली आणि सायकल-स्कूटर लावायला जागा मिळाली, तर दिवसभर गल्ली गिऱ्हाइकासाठी मोकळी राहते. जबलपुरात २०२५ मध्ये मदनमहाल ते दमोह नाका असा सुमारे सात किलोमीटरचा उड्डाणपूल खुला झाला. लांबच्या वाहतुकीसाठी तो उपयोगी आहे, पण पुलावरून जाणारा माणूस पेठेत उतरत नाही. जुन्या बाजाराला हवी ती पायवाट, सावली, दिवे आणि स्वच्छतागृह. स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नसलेल्या बाजारात कोणीही फार वेळ रेंगाळत नाही, ही साधी गोष्ट नियोजनात सर्वांत शेवटी येते.

फेरीवाले दुकानांचे गिऱ्हाईक पळवतात, म्हणून त्यांना हटवले की दुकाने वाढतील, असेही मानले जाते. पण भाजी घ्यायला आलेली बाई वाटेत सुईदोरा, डाळ आणि मुलाची वही घेते. ती आलीच नाही तर दुकानाचाही तोटा होतो. कायदाही सरसकट हटवण्याच्या बाजूचा नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार शहराला नगर पथविक्रेता समिती नेमावी लागते, तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे असतात आणि त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रिया. सर्वेक्षण पूर्ण होण्याआधी कोणाला उठवता येत नाही. पन्नास वर्षांहून जुना नैसर्गिक, म्हणजे परंपरेने आपोआप भरत आलेला, बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावा, तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असेही त्यात आहे. जुन्या शहरासाठी ही तरतूद फार महत्त्वाची आहे. १ जून २०२० रोजी सुरू झालेल्या स्वनिधी योजनेत विक्रेत्यांना तारणाविना कर्ज मिळते. पण ठरावीक जागेची शाश्वती नसलेल्या माणसाला कर्ज फेडणे कठीण जाते, म्हणून जागेचा प्रश्न आधी सुटायला हवा.

नोंदणीचे कागद म्हणजे निव्वळ डोकेदुखी, हा गैरसमज छोट्यांना सर्वांत महाग पडतो. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून ऑनलाइन आहे आणि पूर्णपणे विनाशुल्क आहे. कोणी दलाल तिचे पैसे मागत असेल, तर ते त्याचे स्वतःचे शुल्क असते. तिचा सर्वांत मोठा उपयोग उधारीच्या वसुलीत होतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराला लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज द्यावे लागते. तक्रारीसाठी २०१७ मध्ये समाधान नावाचे संकेतस्थळ सुरू झाले. २०२३ च्या वित्त कायद्याने आणखी एक पेच घातला. मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच आयकरात वजा करता येतो.

इथेच एक उलटा गैरसमजही आहे. हे संरक्षण प्रत्येक दुकानदाराला मिळते, असे अनेकांना वाटते. जुलै २०२१ पासून किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली, पण ती बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरतीच. कपडे शिवणारा कारखाना ४५ दिवसांच्या नियमाचा आधार घेऊ शकतो. तेच कपडे नुसते विकणाऱ्याला हे संरक्षण मिळत नाही. पुरवठ्याआधी नोंदणी झालेली असणे कधीही सुरक्षित, कारण नंतरच्या नोंदणीवर जुन्या बिलांची वसुली अडते.

ऑनलाइन विक्री म्हणजे पेठेचा शेवट आणि ती करायची तर जीएसटी क्रमांक हवाच, हा जोडसमज १ ऑक्टोबर २०२३ नंतर उरायला नको होता. मध्य प्रदेशात केवळ वस्तू विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत असेल, तर सामान्यतः नोंदणी लागत नाही. त्या तारखेपासून असा विक्रेता काही अटींवर, केवळ एक नावनोंदणी क्रमांक घेऊन, राज्याच्या आत ई-कॉमर्सवर माल विकू शकतो. उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याच्या कंपोझिशन योजनेतल्या व्यापाऱ्यालाही राज्यांतर्गत ही मुभा आहे. राज्याबाहेर माल पाठवायचा तर मात्र पूर्ण नोंदणी हवी. बाहेरच्या राज्यांत खपणाऱ्या मालासाठी, म्हणजे जबलपूरच्या सूटांसाठी, ही अट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

सर्वांत कमी बोलला जाणारा विषय वारसाहक्काचा. गिऱ्हाईक नसल्यामुळे बंद पडणाऱ्या दुकानांची चर्चा होते. दुकानदार वारल्यावर कागदांच्या गुंत्यात बंद पडणारी दुकाने मात्र कुणाच्या हिशेबात येत नाहीत. दुकान भाड्याच्या जागेत असेल, तर जुना भाडेकरू कधीच निघत नाही असे समजणे चूक आहे. मध्य प्रदेशच्या १९६१ च्या भाडेनियंत्रण कायद्यात भाडे थकणे, जागा परस्पर दुसऱ्याला देणे आणि जागामालकाची व्यवसायासाठीची खरी गरज ही बाहेर काढण्याची कारणे आहेत. दुकान भाच्याच्या किंवा भागीदाराच्या हाती कागदाविना सोपवणे म्हणजे जागामालकाला आयते कारण देणे. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेकरार नोंदवावा लागतो, न नोंदवलेला करार वादात फारसा कामी येत नाही. एकट्याच्या नावावरच्या धंद्याचा जीएसटी क्रमांक मुलाच्या नावावर सरकवता येत नाही. मुलाला स्वतःची नवी नोंदणी घ्यावी लागते, मात्र वडिलांच्या खात्यात शिल्लक असलेला करजमा ठरावीक अर्ज भरून तो आपल्या खात्यात घेऊ शकतो. मुलगा किंवा मुलगी गल्ल्यावर बसू लागल्याबरोबर, वडील हयात असतानाच किमान तीन जणांच्या भागीदारीचा लेखी करार झाला आणि त्यात भागीदाराच्या मृत्यूनंतरही धंदा चालू राहील असे कलम घातले, तर भागीदारीचा तोच क्रमांक, तेच बँक खाते आणि तीच उधारीची वही घेऊन दुकान चालू राहते.