मैत्रीचा जमाखर्च

भारत-रशिया मैत्रीचा विषय निघाला की व्यासपीठावरील भाषणांना गहिवर येतो. डिसेंबर २०२५ मध्ये रशियाचे अध्यक्ष पुतिन नवी दिल्लीस आले, तेव्हाही जुन्या स्नेहाचे गोडवे गायले गेले. तो गहिवर खोटा नव्हे. परंतु राष्ट्राराष्ट्रांतील मैत्रीलाही जमाखर्च असतो. आणि वाशीम जिल्ह्यातील मालेगावसारख्या सोयाबीन-कापसाच्या मुलखाचे नाव त्या वहीत कोणत्या बाजूस मांडले जाते, हे पाहणे अगत्याचे आहे.

या संबंधांचा महाराष्ट्रातील आरंभ सरकारी दप्तराबाहेर झाला. जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. जिनिव्हात परागंदा जीवन कंठणाऱ्या लेनिनने आपल्या लेखात त्या घटनेची दखल घेतली आणि हिंदी कामगार राजकीय लढ्यासाठी सिद्ध झाल्याचा निष्कर्ष काढला. त्याच सुमारास सेनापती बापट पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बाँबची विद्या शिकले. १९२१ मध्ये विशीतल्या श्रीपाद अमृत डांगे यांनी गांधी आणि लेनिन यांची तुलना करणारी इंग्रजी पुस्तिका लिहिली. १९६१ मध्ये अण्णा भाऊ साठे रशिया पाहून आले. बापटांना साधन हवे होते, डांग्यांना विचार, तर अण्णा भाऊंना श्रमिकांच्या राज्याचे दर्शन. प्रत्येकाने स्वतःची गरज ओळखून ते दार ठोठावले.

स्वतंत्र भारताच्या सरकारचे धोरणही गरजेतूनच घडले. देशाला पोलाद हवे होते आणि परकीय चलनाची तर चणचण होती. फेब्रुवारी १९५५ मध्ये भिलाईच्या कारखान्याचा करार झाला. १९५८ मध्ये पवईची आयआयटी युनेस्कोमार्फत मिळालेल्या सोव्हिएत साहाय्याने उभी राहिली. पुढे नाशिकजवळ ओझरला मिग विमाने तयार होऊ लागली. यात सोव्हिएत संघाचे औदार्य होते, तसा स्वार्थही होता. पाकिस्तान अमेरिकेच्या लष्करी करारांत शिरलेला आणि चीनशी बेबनाव वाढत चाललेला, अशा स्थितीत मॉस्कोलाही भारत हवाच होता. ९ ऑगस्ट १९७१ चा मैत्री करार आणि त्याच वर्षी डिसेंबरात सुरक्षा समितीत भारताच्या बाजूने वापरलेला नकाराधिकार ही या परस्पर गरजेची फळे होत.

त्या काळातील व्यापाराची रचना विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. डिसेंबर १९५३ मध्ये पहिला व्यापारी करार झाला आणि पुढे सारा हिशेब रुपयांत होऊ लागला. रशियाला मिळालेले रुपये डॉलरमध्ये बदलता येत नसत. ते भारतीय बाजारातच खर्च करावे लागत. चहा, ताग, चामडी वस्तू, कापड, औषधे यांना त्यामुळे हक्काचे गिऱ्हाईक मिळाले. ही रचना निर्दोष नव्हती. १९७८ च्या करारात रुबलचा दर अन्य चलनांच्या समूहाशी जोडला गेला आणि भारताच्या कर्जाचा भार वाढत गेला. सोव्हिएत संघ कोसळल्यावर जानेवारी १९९३ मध्ये त्याचा निवाडा झाला: काही भाग बारा वर्षांत, उरलेला पंचेचाळीस वर्षांत, बिनव्याजी. तरीही ते कर्ज फिटायचे ते भारतीय मालानेच.

आज नेमका हाच समतोल ढळला आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटल्यावर भारताने सवलतीचे रशियन तेल मोठ्या प्रमाणावर घेतले. २०२४-२५ मध्ये रशियाकडून सुमारे ६४ अब्ज डॉलर्सची आयात झाली. निर्यात मात्र पाच अब्जांच्याही आतच राहिली. मे २०२३ मध्ये रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह यांनी गोव्यात बोलताना, भारतीय बँकांत साचलेल्या अब्जावधी रुपयांचे करायचे काय, ही अडचण उघडपणे मांडली.

असमतोलाची झळ अखेर शेतकऱ्यापर्यंत आली. रशियन तेलाचे कारण पुढे करून अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर आणखी २५ टक्के कर लादला. कापड निर्यातदार अडचणीत आले. त्यांना स्वस्त कापूस मिळावा म्हणून केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत माफ केले. विदर्भात नवा कापूस घरी येतो तो याच महिन्यांत! स्वस्त तेलाचा लाभ प्रथम तेलशुद्धीकरण कंपन्यांच्या खाती जमा झाला. परदेशी कापसाशी स्पर्धा करण्याची पाळी मात्र मालेगाव तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्यावर आली.

म्हणून रशियाशी संबंध तोडावेत, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. तिसऱ्या देशाच्या धाकाने ठरणारे धोरण हे स्वतंत्र देशाचे धोरण नव्हे. परंतु स्वातंत्र्याची किंमत मोजायची तर ती सर्वांनी वाटून घेतली पाहिजे. आयात शुल्क उठवायचे असेल, तर हमीभावाची खरेदी त्याच वेळी, पुरेशा केंद्रांवर सुरू झाली पाहिजे. आणि रशियाच्या हाती साचणाऱ्या रुपयांना भारतीय सूत, कापड व शेतमालाकडे वळविण्याची खटपट मंत्रालयांनी केली पाहिजे. २०३० पर्यंत परस्पर व्यापार शंभर अब्ज डॉलर्सवर नेण्याचे दोन्ही देशांनी ठरविले आहे. त्या शंभरांत भारतीय माल किती असेल, हा प्रश्न मॉस्कोला आणि त्याआधी दिल्लीला विचारण्याचा अधिकार मालेगावच्या शेतकऱ्याला निश्चितच आहे.