मागून ढकलणारी, पुढून ओढणारी

कोट्यधीश नसलेल्या पण गाडी चालवण्याचा शौक असलेल्या माणसासाठी युरोपात आणि जपानात दोन वाटा ठरलेल्या आहेत. पहिली रोडस्टरची: दोनच जणांची, उघड्या टपाची, पुढे इंजिन असलेली आणि मागच्या चाकांनी पळणारी गाडी. दुसरी हॉट हॅचची: चार माणसं आणि बाजारहाट वाहणाऱ्या साध्या हॅचबॅकमध्येच दांडगं इंजिन, कडक सस्पेन्शन आणि चांगले ब्रेक घातलेली. दोन्हीकडचे भक्त एकमेकांना हसतात. रोडस्टरवाला म्हणतो, पुढची चाकं ओढतात ती कसली स्पोर्ट्स कार. हॅचवाला म्हणतो, पाऊस आला की तुझी मजा संपली. या भांडणात सगळा जोर ताकद कुठल्या चाकांना जाते यावर असतो. माझ्या मते खरा मुद्दा वजनाचा आहे.

चाकांचा हिशेब मात्र आधी मांडायला हवा. टायरची पकड ठरावीक असते. ती वेग वाढवायला, ब्रेक मारायला किंवा वळायला खर्च होते. पुढून ओढणाऱ्या गाडीत पुढच्या दोन टायरांनी वळायचंही आणि ओढायचंही, म्हणजे पंगतीत वाढणाऱ्यानंच त्याच वेळी जेवायलाही बसायचं. वळणात ॲक्सिलरेटर जास्त दाबला की पुढचे टायर दमतात आणि नाक वळणाबाहेर जायला लागतं. शिवाय वेग घेताना गाडीचं वजन मागे सरकतं, म्हणजे ज्या चाकांना पकड हवी त्यांच्यावरचाच भार कमी होतो. मागून ढकलणाऱ्या गाडीत हेच सरकलेलं वजन कामी येतं. पुढची चाकं फक्त दिशा देतात, त्यामुळे स्टिअरिंग स्वच्छ राहतं आणि वळणातून बाहेर पडताना उजव्या पायानं गाडीची शेपूट किंचित इकडेतिकडे करता येते. प्रीमियर पद्मिनीनं ओल्या घाटात मागून दिलेला हलका झोका ज्यांना आठवतो, त्यांना हे वेगळं समजवायला नको.

रोडस्टरची मूळ पेठ इंग्लंड. एमजी-बी आणि ट्रायम्फ स्पिटफायर या दोन्ही गाड्या १९६२ साली आल्या आणि दोन्ही १९८० मध्ये बंद झाल्या. त्यात दिव्य तंत्रज्ञान काही नव्हतं. स्पिटफायरची चासी तर ट्रायम्फ हेरल्डची, कापून आखूड केलेली. हीच हेरल्ड आपल्याकडे मद्रासला स्टँडर्ड हेरल्ड म्हणून तयार व्हायची, त्यामुळे स्पिटफायरशी आपलं लांबचं का होईना नातं लागतं. या गाड्या तेल गळायच्या, गंजायच्या, पावसात आतूनही भिजायच्या. तरी अमेरिकेनं त्या हौसेनं विकत घेतल्या, आणि त्या बंद पडल्यावर तिथे मोठी पोकळी राहिली.

ती भरली जपाननं. १९७९ मध्ये बॉब हॉल या अमेरिकी मोटार-पत्रकारानं माझ्दाच्या केनइची यामामोतोंना सुचवलं की जुन्या ब्रिटिश धर्तीची हलकी, स्वस्त रोडस्टर आता फारसं कुणी बनवत नाही, तुम्ही बनवा. म्हणे त्यानं तिथल्या फळ्यावर तिचं चित्रही काढलं. पुढे हॉल माझ्दातच नोकरीला लागला, तोशिहिको हिराई यांच्याकडे प्रकल्पाची सूत्रं आली आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात एमएक्स-५ उभी राहिली. अमेरिकेत ती मियाटा, जपानात युनोस रोडस्टर. इंजिन १.६ लिटरचं, वजन जपानी आवृत्तीत ९४० किलो, टायर जेमतेम १८५ मिलिमीटर रुंद. गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत ॲल्युमिनियमची एक ताठ चौकट होती, त्यामुळे पायानं मागितलेली ताकद मध्ये ढिलाई न येता चाकांपर्यंत पोचे. गाडी वेगवान अजिबात नव्हती. पण चाळीस-पन्नासच्या वेगातसुद्धा टायर काय करताहेत ते कंबरेला कळायचं, कारण चालक जवळजवळ मागच्या ॲक्सलच्या पुढ्यातच बसलेला असे. २०१६ मध्ये हिची दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली.

हॉट हॅचचा जन्म उलट दिशेनं झाला. १९५९ च्या मिनीत ॲलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवं बसवून पुढची चाकं ओढायला लावली. उद्देश जागा वाचवण्याचा होता, मजेचा नव्हता. पण जॉन कूपर यांनी तिला ताकद दिली आणि मिनी कूपरनं १९६४, १९६५ आणि १९६७ साली माँटे कार्लो रॅली जिंकली. फोल्क्सवॅगनमध्येही काही जणांनी आधी जवळजवळ गुपचूप काम करून गोल्फची जीटीआय घडवली. १९७५ मध्ये ती फ्रँकफर्टला दाखवली गेली, पुढच्या वर्षी विक्रीला आली. वजन ८१० किलो, ताकद ११० हॉर्सपॉवर. कंपनीला वाटलं होतं, पाच हजार खपतील. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांवर खपल्या. गिअरच्या दांड्यावर गोल्फचा चेंडू आणि सीटवर चौकड्यांचं कापड, ही कंपनीच्या डिझायनर गुनहिल्ड लिल्येक्विस्ट यांची कल्पना. आजही ती चौकडी चालू आहे.

माझी आवडती मात्र १९८४ ची प्यूजो २०५ जीटीआय. तिच्याबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण ‘पुढून ओढणारी गाडी फक्त नाक बाहेर नेते’ हा समज तिनं मोडीत काढला. मागचा भाग हलका, सस्पेन्शन कडक, चाकांमधलं अंतर कमी. वळणाच्या मध्यावर ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की वजन झपकन पुढे यायचं, मागची चाकं हलकी व्हायची आणि शेपूट बाहेर निघायची. जाणत्याला ती वळवण्याची युक्ती वाटे, घाबरून पाय उचलणाऱ्याला ती सरळ कुंपणात नेई. गाडी तीच, धडा दोघांना वेगळा. नऊशे किलोच्या आतबाहेरची ही हॅच इंग्लंडच्या अरुंद, झुडपांच्या भिंतींमधून जाणाऱ्या गावरस्त्यांवर कुठल्याही रोडस्टरइतकी जिवंत होती.

आता उलट दाखला. एमएक्स-५ आली त्याच वर्षी लोटसनं नवी एलान आणली. माझ्दाच्या इंजिनिअरांनी १९६० च्या दशकातली जुनी एलान बारकाईनं अभ्यासली होती, आणि लोटसनं स्वतः मात्र नव्या एलानमध्ये पुढची चाकं ओढायला लावली. इसुझूचं १.६ टर्बो इंजिन होतं. गाडी झपाट्यानं वळायची, पकड अशी की जाणकारांनी तोंडभरून स्तुती केली. तरी पाच हजारही बनल्या नाहीत. ती माझ्दापेक्षा बरीच महाग होती हे खरंच, पण दुसरंही एक कारण होतं. ती इतकी बिनचूक होती की चालकाला करायला फारसं काही उरत नसे. गोव्यात १९९० च्या दशकाच्या अखेरीस बनू लागलेली सॅन स्टॉर्मही याच जातीची: दोन सीट, उघडा टप, फायबरग्लासची बॉडी, रेनोचं छोटं इंजिन आणि ओढणारी पुढची चाकं. दिसायला रोडस्टर, वळणात हॅचबॅक.

मग पुढच्या चाकांची ताकद वाढत गेली. १९९७ च्या पहिल्या होंडा सिव्हिक टाइप आरला लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल होतं. आतलं चाक नुसतं फिरत राहण्याऐवजी त्यामुळे ताकद बाहेरच्या चाकाकडे जाते आणि गाडी वळणाच्या आत खेचली जाते. २०१७ च्या टाइप आरनं ३२० हॉर्सपॉवर पुढच्या चाकांतून काढून जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग सर्किटची फेरी ७ मिनिटं ४३.८ सेकंदांत मारली. कौतुक आहेच. पण ती मजा घ्यायला रस्ता कुठला? इंग्लंडात गावाबाहेरच्या दुपदरी रस्त्यावर मर्यादा ताशी ६० मैलांची. वेल्समध्ये २०२३ पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर २० मैलांची. उत्तर वेल्समध्ये ए-५, ए-५४३ आणि बी-४५०१ या रस्त्यांचा त्रिकोण गाड्या पारखणाऱ्यांच्या आवडीचा, पण तिथेही अशी हॅच दोन गिअरमध्येच कायद्याची हद्द ओलांडते, आणि टायरांना अजून घामसुद्धा फुटलेला नसतो.

आजची गोल्फ जीटीआय साडेचौदाशे किलोच्या आसपास आहे. २६५ हॉर्सपॉवर, शून्य ते शंभर ५.९ सेकंदांत, टायर पहिल्या एमएक्स-५ पेक्षा चार-पाच सेंटिमीटर रुंद. २०१५ साली विक्रीला आलेली चौथ्या पिढीची एमएक्स-५ जपानमधल्या १.५ लिटर आवृत्तीत ९९० किलोची. म्हणजे सव्वीस वर्षांत वाढ फक्त पन्नास किलोंची. शंभर गाठायला तिला आठ सेकंदांहून जास्त लागतात, आणि त्यातला प्रत्येक सेकंद कामाचा असतो. इंजिन ७५०० पर्यंत ताणता येतं, गिअर मनगटाच्या एका झटक्यात पडतो, आणि ऑफिसच्या वाटेवरचा एखादा गोल चौकही पुरतो. अशा लढतीत रोडस्टर जिंकते, पण मागच्या चाकांच्या बळावर नव्हे, हलक्या अंगाच्या बळावर. २०५ जीटीआय शेजारी उभी केली तर निकाल इतका सोपा राहणार नाही.

रोजच्या राहणीत मात्र रोडस्टर हट्टी आहे. एमएक्स-५ ची डिकी १३० लिटरची, आत धड ग्लोव्ह बॉक्सही नाही, आणि २०१८ पर्यंत स्टिअरिंग पुढेमागे सरकवायची सोय नसल्यानं उंच माणसाचे हाल. मूल झालं की अनेकांची रोडस्टर विकायला निघते. हॅचमध्ये मुलाची खुर्ची बसते, मागची सीट पाडून कपाट आणता येतं, आणि येताना रिकामा रस्ता मिळाला तर मजाही येते. वर्षाचे तीनशे दिवस हाताशी असणं हा मजेचाच भाग आहे, हे रोडस्टरवाले मोकळेपणानं कबूल करत नाहीत.

आपल्याकडे रोडस्टरच्या नावानं आनंदच आहे. माझ्दा भारतात गाड्या विकत नाही. २०२५ मध्ये एमजीच्याच नावानं सायबरस्टर आली, पण ती विजेवर चालणारी, चारही चाकं फिरवणारी, पाऊण कोटीची आणि जवळजवळ दोन टन वजनाची. एमजीच्या ॲबिंग्डन कारखान्यातल्या जुन्या कामगारांनी ती पाहिली असती तर काय म्हणाले असते कोण जाणे. त्यात पुणे-मुंबईच्या हवेत टप उघडण्यासारखा महिना वर्षात सापडायचा कधी? हॅचच्या बाबतीत मात्र महाराष्ट्राचा हात आहे. रांजणगावात २०१५ मध्ये बनलेली अबार्थ पुंटो, १.४ लिटर टर्बो आणि १४५ हॉर्सपॉवरची, सुमारे दहा लाखांत मिळायची. एवढ्या पैशांत एवढी ताकद तेव्हा दुसरी कुठलीच हॅच देत नव्हती. चाकणच्या फोल्क्सवॅगन पोलोनं बारा वर्षं इथल्या शौकिनांना पोसलं, २०२२ मध्ये तीही थांबली. आयात करून आणलेल्या पोलो जीटीआयला २०१६ साली २६ लाख पडत, आणि २०२५ मध्ये आलेल्या गोल्फ जीटीआयला ५३ लाख.

बाहेरही चित्र फार वेगळं नाही. प्रदूषणाचे नियम आणि एसयूव्हीची लाट यांत फोर्ड फिएस्टा एसटी २०२३ मध्ये गेली, युरोपातली ह्युंदाई आय-२० एन पुढच्या वर्षी. नव्या गोल्फ जीटीआयमधून क्लचचं पेडल काढूनच टाकलं. एमएक्स-५ अजून क्लचसकट मिळते.

इंग्लंडात राहणाऱ्या भाच्यानं विचारलं तर मी १.५ लिटरची एमएक्स-५ सांगेन, दोन लिटरची नको. पुण्यातल्यानं विचारलं तर २०२० नंतरची, एक लिटर टर्बोची, सहा गिअरची मॅन्युअल पोलो जुन्या बाजारात शोधायला सांगेन, आणि वाचलेल्या पैशांतून आधी चार उत्तम टायर घ्यायला. ताम्हिणी घाटात जायचंच तर मंगळवारी सकाळी जावं. रविवारी तिथे बसेस आणि भुट्टेवाल्यांपुढे ३२० हॉर्सपॉवरचंही काही चालत नाही.