रूपाची साक्ष, जनुकांची साक्ष

ब्रिटल स्टार म्हणजे तारामाशाचा सडपातळ चुलतभाऊ. प्रसंगी हात तोडून शत्रूच्या तावडीतून निसटणाऱ्या या प्राण्याच्या सुमारे 2100 जाती ज्ञात आहेत. त्यांची कुळे दीर्घकाळ बाह्यरूपावरून ठरत. बास्केट स्टारचे हात जाड कातडीने झाकलेले, फांद्या फुटलेले. म्हणून त्यांचे गणगोत एकीकडे आणि बाकीचे सारे दुसरीकडे, अशी वाटणी रूढ होती.

2014 मध्ये टिम ओ'हारा आणि सहकाऱ्यांनी 52 जातींची शेकडो जनुके ताडून पाहिली. तेव्हा बास्केट स्टारचे जवळचे आप्त ठरले ते ओफियुरासारखे साध्या हातांचे ब्रिटल स्टार!

मग रूपाची साक्ष बाद करावी का? तसे करता येत नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत डीएनए उरत नाही. उरतात हातांच्या कडेच्या चुनखडीच्या पट्टिका. या पट्टिकांवर काटे जिथे जोडलेले असतात, त्या सांध्यांची घडण सूक्ष्मदर्शकाखाली तपासली असता जनुकांनी दाखवलेल्या नात्यांच्या खुणा तिथेही सापडल्या. 2018 चे नवे वर्गीकरण या दोन्ही साक्षी जुळवूनच मांडले गेले. त्यामुळे खडकात सुटी सापडलेली एखादी पट्टिकाही आता आपल्या कुळाचा पत्ता सांगू शकते.