अंध विद्यार्थ्याचे वाचक आणि लेखनिक

ज्ञानेश्वरी नेवाशास सांगितली गेली तेव्हां ती लिहून घेणारा सच्चिदानंदबाबा होता, असा उल्लेख त्या ग्रंथाच्या अखेरीस येतो. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०, हा तेथें दिलेला काळ. महाभारताच्या लेखनाची कथा तर घरोघर ठाऊक आहे. व्यासांनीं सांगावें व गणपतीनें लिहावें असें ठरलें, तेव्हां सांगणाऱ्यानें मध्यें थांबूं नये अशी अट गणपतीनें घातली. आणि अर्थ समजल्यावांचून लिहिणाऱ्यानें अक्षर लिहूं नये अशी उलट अट व्यासांनीं घातली. लिहून घेण्याचें काम हलक्या प्रतीचें आहे असें या कथांवरून तरी दिसत नाहीं. अलीकडचें उदाहरण हवें असेल तर तें अमरावती जिल्ह्यांतील गुलाबराव महाराजांचें (१८८१–१९१५). तान्हेपणींच दृष्टि गेलेला हा पुरुष प्रज्ञाचक्षु म्हणून ओळखला गेला. त्यांची विद्वत्ता त्यांची स्वतःचीच. परंतु ग्रंथ वाचून दाखविणारे व सांगितलेलें उतरून घेणारे लोक भोंवतीं होते, म्हणून ती पुढच्यांच्या हातीं लागली.

दरवर्षीं शालांत परीक्षेचे दिवस आले म्हणजे हाच प्रश्न शहरांतल्या एखाद्या आळींत किंवा चाळींत नव्यानें उभा राहतो. दृष्टि नसलेला विद्यार्थी वर्षभर अभ्यास करून तयार बसलेला असतो. उत्तर त्याच्या ओठांवर असतें. तें कागदावर उतरविणारा हात मात्र मिळालेला नसतो. ज्या नववीच्या मुलानें येण्याचें कबूल केलें होतें, त्याच्या घरचीं माणसें ऐन वेळीं म्हणतात कीं त्याचीच परीक्षा जवळ आली आहे. अथवा पेपराच्या दिवशीं सकाळीं सात वाजतां निरोप येतो कीं मुलाला ताप भरला आहे. यांत कोणाचा दुष्टपणा नाहीं. परंतु एकाच्या अंगांतला ताप दुसऱ्याचें अख्खें वर्ष घेऊन जाऊं शकतो.

येथें कांहीं श्रोत्यांच्या मनांत येईल कीं अंधांकरितां ब्रेल लिपि असतांना दुसऱ्याच्या हाताची गरजच काय? लुई ब्रेल या फ्रेंच तरुणानें १८२९ सालीं प्रसिद्ध केलेली ही लिपि म्हणजे सहा उठावदार ठिपक्यांची विलक्षण करामत आहे. त्या सहा ठिपक्यांच्या त्रेसष्ट जुळण्या होतात आणि तेवढ्यांत सारीं अक्षरें, अंक व विरामचिन्हें बसतात. आपल्या देशांतील भाषांकरितां एकच ब्रेल पद्धति १९५१ सालीं ठरली. तिला भारती ब्रेल म्हणतात. दादर येथें १९०० सालीं, ताडदेवास १९०२ सालीं आणि पुण्यास १९३४ सालीं अंधांसाठीं शाळा निघाल्या. अशा शाळांतून ब्रेल मुलाच्या बोटांत बसतें. पण ब्रेलमध्यें लिहिलेली उत्तरपत्रिका तपासणार कोण? सामान्य परीक्षकास ती कोऱ्या, खडबडीत कागदासारखी वाटणार. शिवाय ठिपके ठसठशीत आणि कागद जाड असल्यामुळें एका छापील पुस्तकाचे ब्रेलमध्यें कित्येक जाडजूड खंड होतात. महाविद्यालयांत लागणारीं सगळीं पुस्तकें त्या रूपांत मिळणें दुरापास्त. मोठेपणीं अपघातानें वा आजारानें ज्याची दृष्टि गेली, त्याच्या बोटांना तर ही लिपि सहसा लवकर वश होत नाहीं. म्हणून वाचून दाखविणारा आणि लिहून घेणारा, असे दोन शेजारी अंध विद्यार्थ्यास लागतातच.

परीक्षेंत लिहून घेणाऱ्यास लेखनिक म्हणतात. केंद्र सरकारनें २०१८ सालीं काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत त्याविषयीं बराच तपशील आहे. विद्यार्थ्यानें स्वतः आणलेल्या लेखनिकाचें शिक्षण विद्यार्थ्याहून एक पायरी कमी असावें. लेखनिकाची सोय घेणाऱ्यास तासामागें निदान वीस मिनिटें अधिक मिळावींत, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. निरनिराळ्या पेपरांना, विशेषतः भाषांच्या पेपरांना, निरनिराळे लेखनिक घेतां यावेत. आणि अडचण उद्भवल्यास लेखनिक बदलण्याची मुभा असावी, असें तेथें सांगितलें आहे. असे नियम वेळोवेळीं बदलतात, आणि प्रत्येक परीक्षामंडळाची रीत थोडी वेगळी असते. म्हणून त्या त्या वर्षाचें परिपत्रक शाळेंतून आधीं पाहून घ्यावें व परवानगीचा अर्ज वेळेवर करावा. ही सोय अंधांपुरतीच आहे असेंहि नाहीं. लिहितांना हात आंखडण्याचा विकार असलेल्या एका उमेदवारास केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेंत लेखनिक नाकारण्यांत आला, तेव्हां सर्वोच्च न्यायालयानें फेब्रुवारी २०२१ मध्यें त्याच्या बाजूनें निकाल दिला.

कायद्यानें वेळ दिला, मुभा दिली. परंतु ठरल्या दिवशीं येऊन बसणारें माणूस कायदा निर्माण करूं शकत नाहीं. तें शेजारांतूनच यावें लागतें. आणि आलेल्या माणसाला काम यावें लागतें.

हें काम दिसावयास सोपें आणि करावयास अवघड आहे. प्रथम प्रश्न वाचणें. प्रश्न जसा छापला असेल तसाच, गुणांच्या आंकड्यासह वाचावा. चार पर्यायांपैकीं एकावर आवाज किंचित् रेंगाळला तरी तें उत्तर सांगितल्यासारखेंच होतें. नंतर लिहिणें. समजा, विद्यार्थ्यानें पानिपतची लढाई १७६१ ऐवजीं १७१६ सालीं झाली असें सांगितलें. लेखनिकास खरें साल ठाऊक आहे. त्यानें काय करावें? त्यानें १७१६ हेंच लिहावें, 'नक्की ना?' असें विचारूंहि नये, कारण तो प्रश्न म्हणजेच इशारा आहे. व्यासांच्या अटीस येथें आणखी एक अट जोडावी लागते : अर्थ समजावा खरा, पण समजलेलें आपल्या पदरचें लेखणींत उतरूं नये. उत्तरपत्रिका जर प्रामाणिक राहिली नाहीं, तर त्या विद्यार्थ्याचें यश पुढें जन्मभर लोक संशयानें पाहतील, आणि ती हानि दोन गुणांच्या लाभाहून फार मोठी आहे.

परंतु याची दुसरी बाजूहि आहे. विद्यार्थ्यानें 'पूर्व' म्हटलें आणि लेखनिकानें 'पुर्व' लिहिलें, तर गुण कोणाचे जावयाचे? बीजगणितांत तर एक श्वास चुकला तरी घात होतो. 'अ अधिक ब चा वर्ग' एवढेंच सांगितलें तर वर्ग एकट्या ब चा कीं दोहोंच्या बेरजेचा, हें कानाला कळत नाहीं. म्हणून 'कंस सुरू, अ अधिक ब, कंस पूर्ण, त्याचा वर्ग' असें सांगण्याची आणि लिहिण्याची संवय दोघांना आधींपासून लागावी लागते. परिच्छेद कोठें पाडावा, अधोरेखा कोठें काढावी, हेंहि सांगणाऱ्यानें सांगावें लागतें. सांगणाऱ्याचें वाक्य संपतें तेव्हां लिहिणारा अर्ध्यावर असतो. मग सांगणारा थांबतो, आणि थांबला कीं पुढचा धागा निसटतो. ही लय जुळावी म्हणून जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन दोघांनीं तीन-चार वेळां तरी घड्याळ लावून बसावें. परीक्षेच्या दालनांत प्रथमच भेटलेल्या दोघांकडून ती अपेक्षा करणें हा अन्याय आहे.

जातां जातां एवढें म्हणावयास हरकत नाहीं कीं हें काम सर्वांत जड जाईल तें शिक्षकाला. चूक दिसली कीं त्याचा लाल शाईचा हात शिवशिवतो. सुदैवानें शिक्षणाच्या अटीमुळें शालांत परीक्षेंत तो लेखनिक होऊं शकत नाहीं; सरावाच्या वेळीं घड्याळ धरण्यास मात्र त्याच्यासारखा माणूस नाहीं.

शेजारच्या प्रौढ माणसांसाठीं, विशेषतः ज्यांना दुपारचे दोन तास रिकामे सांपडतात अशा गृहिणींसाठीं व निवृत्त मंडळींसाठीं, खरें काम आहे तें वाचनाचें. पूर्वीं त्यासाठीं कॅसेटी लागत. आतां खिशांतल्या मोबाईलवर एक प्रकरण ध्वनिमुद्रित होऊं शकतें. आरंभीं पुस्तकाचें नांव, लेखक, आवृत्ति व प्रकरण सांगावें. प्रत्येक पान उलटतांना पृष्ठांक सांगावा, कारण वर्गांत प्राध्यापक 'पान एकशें बारा काढा' म्हणतात तेव्हां या विद्यार्थ्यालाहि तें काढतां आलें पाहिजे. तळटीप आली तर 'तळटीप' असें म्हणून वाचावी आणि ती संपली हेंहि सांगावें. कोष्टक आडवें वाचीत आहों कीं उभें, हें आधीं स्पष्ट करावें. चित्राचें वर्णन दोन वाक्यांत पुरे. नाटकी आवाज काढूं नये. अभ्यासाचें पुस्तक हें कीर्तन नव्हे. आणि एखाद्या शब्दाचा उच्चार येत नसेल तर तो अक्षर-अक्षर सांगावा, गिळून टाकूं नये.

असें वाचन करण्यानें ग्रंथकाराच्या हक्काचा भंग होतो काय, ही शंका पूर्वीं रास्त होती. २०१२ सालच्या दुरुस्तीनें भारताच्या कॉपीराइट कायद्यांत अपंगांसाठीं सुलभ रूपांत प्रति करण्यास मोकळीक मिळाली. पुढच्याच वर्षीं माराकेश येथें याच हेतूचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यास सर्वांआधीं, जून २०१४ मध्यें, मान्यता देणारा देश भारत होता, आणि ३० सप्टेंबर २०१६ पासून तो करार अंमलांत आला. मोकळीक आहे ती ज्याला छापील मजकूर वाचतां येत नाहीं त्याच्या उपयोगापुरती आहे. तेंच ध्वनिमुद्रण साऱ्या सोसायटींत वाटणें तिच्यांत बसत नाहीं.

संगणक स्वतःच वाचून दाखवितो, मग माणसें कशाला, असेंहि विचारलें जातें. 'एनव्हीडीए' सारखी प्रणाली विनामूल्य मिळते आणि पडद्यावरील अक्षरें ती बोलून दाखविते, ही थोर सोय आहे. परंतु जुन्या मराठी पुस्तकाचें पान संगणकांत चित्र म्हणून उतरविलें तर तें यंत्राच्या लेखीं नुसतें चित्रच. त्यांतून अक्षरें काढून घेणारें साधन आहे. तें जोडाक्षरांशीं अडखळतें, फिकट छपाईंत रफार हरवितें. जुन्या फाँटांत जुळविलेला मजकूर नकलून घेतला तर कित्येकदां निव्वळ खुणांची खिचडी हातीं येते. म्हणून मूळ पान शेजारीं ठेवून ओळीमागून ओळ दुरुस्त करणारे चिकट माणूस हवेंच. ज्यांना दुसऱ्याचें शुद्धलेखन तपासल्यावांचून चैन पडत नाहीं, त्यांच्या त्या व्यसनास येथें भरपूर वाव आहे.

आतां हें सर्व जुळवावयाचें कोठें? त्यासाठीं नवी संस्था काढण्याचें कारण नाहीं. पुण्याचें नगर वाचन मंदिर १८४८ चें, ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चें आणि मुंबईचें १८९८ चें. मुंबईस नारायण मल्हार जोशी यांनीं १९११ सालीं काढलेल्या सोशल सर्व्हिस लीगनें गिरणकामगारांसाठीं रात्रीच्या शाळा आणि फिरतीं वाचनालयें चालविलीं. वाचनालय हें पुस्तकांप्रमाणें माणसेंहि जमविण्याचें ठिकाण आहे, ही समजूत आपल्याकडे नवी नाहीं. आळींतील कोणत्याहि वाचनालयांत, नाहीं तर ज्येष्ठ नागरिक संघांत, एक वही ठेवली तरी पुरे. तींत नांव, इयत्ता, कोणत्या भाषेचें अक्षर सुवाच्य आहे आणि आठवड्यांतला कोणता तास मोकळा आहे, एवढें लिहावें. लेखनिक शोधावयाचा तो जूनमध्यें, जानेवारींत नव्हे; आणि प्रत्येक पेपरास दोन नांवें ठरवावींत, म्हणजे सकाळी सातच्या निरोपानें हाहाकार उडणार नाहीं. दुसऱ्या नांवाचीहि परवानगी आधींच मागून ठेवावी. नववीच्या मुलाच्या आईबापांना प्रत्यक्ष भेटून तारखा दाखवाव्यात; बहुतेक नकार तारखा न कळल्यामुळेंच आलेले असतात.

एक गोष्ट मात्र टाळावी. निकाल लागला कीं शाल, श्रीफळ व छायाचित्र यांचा समारंभ करण्याची हौस आपल्या शहरांत फार. त्यांत तो विद्यार्थी दयेचा विषय होऊन व्यासपीठावर बसतो आणि मदत करणारे पुढच्या रांगेंत. त्याला काय हवें तें त्यालाच विचारावें, सोबत्याला नव्हे. रस्ता ओलांडतांना त्याचा दंड धरून ओढूं नये; आपलें कोपर पुढें करावें, तोच तें धरतो व अर्धें पाऊल मागून चालतो.

पेपराच्या दिवशीं लेखनिकानें ओळखपत्र व दोन चालू पेनें घेऊन अर्धा तास आधीं यावें. शेवटचीं दहा मिनिटें वाचून दाखविण्याकरितां राखावींत. उत्तरपत्रिका पर्यवेक्षकाच्या हातीं देण्यापूर्वीं वरचा बैठक क्रमांक एकेक आंकडा करून मोठ्यानें वाचावा. विद्यार्थ्यास तो तोंडपाठच असतो. तरीहि तो शेवटच्या आंकड्यापर्यंत कान देऊन ऐकतो, आणि मगच उठतो.